शून्यापासून सुरू करा म्हणे!

दीपमाला कचकुरे चिडली की आधी तिचं नाक लाल होतं आणि मग तोंड सुटतं. मुकुंदवाडीच्या तिच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी सोडणारा माणूससुद्धा तिच्या दारावरून जाताना सायकलचा वेग वाढवतो. पण खरं सांगायचं तर ती उगीच कधी चिडली नाही. माणसाला चीड यावी असं या जगात इतकं काही चाललेलं असतं, की बाकीचे सगळे कसे गप बसतात याचंच नवल वाटायला पाहिजे.

एकोणीस वर्षं झाली ती शेंद्र्याच्या कारखान्यात आहे. गाडीच्या दरवाज्याच्या बिजागऱ्या, ब्रॅकेट, असलं पत्र्याचं काम तिथं चालतं. कारखान्याचं नाव कशाला घ्या, चौदा प्रेस आहेत आणि दिवसभर दणदणाट आहे एवढं पुरे. बाविसाव्या वर्षी ती पॅकिंगला लागली, मग प्रेसवर उभी राहिली, मुक्त विद्यापीठातनं पदवी काढली, संगणक शिकली. आता ती काचेच्या खोलीत बसते आणि चौदाही प्रेसचे आकडे सांभाळते. खोली काचेची असली तरी बाई काचेची नाही, असं तिथली जुनी माणसं म्हणतात.

आकडे कसले, तर डायचे. डाय म्हणजे पोलादी साचा. वरून प्रेसचा दणका बसला की खालचा पत्रा साच्याच्या आकाराचा होतो. एका दणक्याला तिथं स्ट्रोक म्हणतात. पोलाद झालं म्हणून काय, लाख लाख दणके खाऊन तेही थकतं, आतून तडकतं. म्हणून नियम असा की दोन लाख स्ट्रोक झाले की डाय उतरवायची, तडा आहे का बघायचं, आणि मगच परत चढवायची. हा नियम चुकला तर डाय चालता चालता फुटते आणि तुकडा समोरच्या माणसाच्या तोंडावर येतो.

दीपमालाला हे कुणी शिकवावं लागलं नाही. तिच्या वडलांचा डावा डोळा असाच गेला. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तेव्हा स्ट्रोकचा आकडा पाटीवर खडूनं लिहायचे. शिफ्ट बदलताना कुणीतरी पाटी ओल्या फडक्यानं पुसली आणि नवीन शिफ्टनं बिनधास्त एकपासून मोजायला घेतलं. चौथ्या दिवशी डाय फुटली. चौकशी बसली तेव्हा साहेबलोकांनी कानावर हात ठेवले. चूक कुणाची, तर म्हणे पाटीची! दीपमाला तेव्हा नववीत होती. पाटीची चूक, हे शब्द तिनं आजतागायत कुणाला माफ केलेले नाहीत.

शेंद्र्यात पाटी नव्हती, सिस्टीम होती. प्रत्येक प्रेसला सेन्सर. दणका बसला की सेन्सर कळवतो, सिस्टीम आकड्यात एक मिळवते, आणि ती कळवलेली गोष्ट आठवडाभरानं फेकून देते. रोजचे साठ-सत्तर हजार दणके जपून कोण ठेवणार? राहते ती फक्त बेरीज. ही बेरीज सिस्टीम मधून मधून स्वतःपाशी सेव्ह करून ठेवते, म्हणजे लाइट गेली, मशीन बंद पडलं, तरी परत तिथूनच पुढं मोजता येतं. नवीन मुलींना दीपमाला हे कुकरवरून समजावते. "डाळ लावली, दोन शिट्ट्या झाल्या. त्या शिट्ट्या काय कुणी डब्यात भरून ठेवतं का? दोन झाल्या, एवढंच डोक्यात ठेवायचं. आता तुला बाहेर जायचंय अन् सासूबाई गॅसपाशी आल्या. तू दोन झाल्या म्हणून सांगितलं नाय, तर त्या पहिलीपासून मोजणार. मग डाळ खा करपलेली."

आणि नेमकं हेच झालं. पुण्याच्या हेड ऑफिसनं सिस्टीम बदलायचं ठरवलं. जुन्या कंपनीचा करार दसऱ्याला संपणार, नवी कंपनी येणार. नव्या कंपनीतर्फे विश्वजीत नावाचे एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. मीटिंगमध्ये त्यांनी भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. प्लँटचे मॅनेजर अभय सर माना डोलवत होते. शेवटी दीपमालानं विचारलं, "सर, आत्ताचे आकडे नव्या सिस्टीममध्ये कसे येणार?"

"जुन्या सिस्टीमनं सेव्ह केलेलं आमच्या सिस्टीमला वाचता येत नाही मॅडम," विश्वजीत हसून म्हणाले. "दोघांची साठवायची पद्धत वेगळी. काही हरकत नाही, आपण शून्यापासून सुरू करू. दीड-दोन महिन्यांत आकडे भरून येतील."

दीपमालाचं नाक लाल झालं.

"शून्यापासून? अन् डाय बी शून्यापासून सुरू व्हणार का? जिनं दीड लाखाच्या वर दणके खाल्लेत, तिला जाऊन सांगू का, बाई, आजपासनं तू कोरी?"

"मॅडम, सगळीकडे असंच करतात."

"सगळीकडं करत असतील. सगळीकडच्या लोकांना डोळे जास्तीचे असतील." ती उठून उभी राहिली. "सर, चौदा डाय हायेत. प्रत्येकीपुढं एक बाई नायतर एक माणूस उभा असतो. शून्य लिहून तुम्ही स्क्रीन हिरवी करणार, अन् त्यांनी त्या हिरव्यावर विश्वास ठेवून हात आत घालायचा. माझ्या बापाच्या टायमाला वल्लं फडकं व्हतं. आता तुम्ही तेच फडकं कॉम्प्युटरनं फिरवायला निघालात, एवढाच काय तो फरक!"

अभय सरांनी घसा साफ केला. माणूस वाईट नाही, पण भांडण दिसलं की दोन्हीकडे हो म्हणणारा. "दीपमाला, तुझं बरोबर आहे. विश्वजीत, तुमचंही बरोबर आहे. दसऱ्याला दहा दिवस आहेत. तेवढ्यात जमलं तर आकडे आणा. नाहीतर शून्य."

दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसानं अगदी गोड आवाजात सांगितलं, आमचं सेव्ह केलेलं आमच्याच सिस्टीमला उघडतं, तसंच बनवलेलं आहे. आता बघा! दणके यांच्या डायचे, घाम यांच्या माणसांचा, वीज यांची, आणि बेरजेला कुलूप त्यांचं. दुकान बदललं म्हणून जुना दुकानदार तुमची बरणी ठेवून घेतो का? तिनं हे सगळं त्याला फोनवर ऐकवलं. त्यानं पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि कॉलला किती गुण द्याल म्हणून विचारलं.

मदतीला धावला तो ओवैस. कारखान्याचं संगणकाचं काम तोच बघतो, किराडपुऱ्याचा, पस्तिशीचा, बोलायला मऊ. तो जुन्या सिस्टीमचं साडेचारशे पानी पुस्तक घरी घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डबा ठेवायच्या आधी तिच्या टेबलापाशी आला.

"ताई, ये देखो. टेन्शन नक्को लेव. रस्ता है."

पुस्तकाच्या मागच्या भागात बारीक अक्षरात लिहिलं होतं. सिस्टीम थांबवताना सेव्ह करायचे दोन प्रकार. एक झटपट, फक्त तिलाच वाचता येईल असा. दुसरा जरा सावकाश, पण सर्वांना समजेल अशा ठरलेल्या मांडणीत. त्या मांडणीतून दुसरी कुठलीही सिस्टीम बेरीज उचलू शकते आणि पुढं मोजू शकते.

"म्हंजे पर्याय पैल्यापासनं व्हता?" दीपमालाला खरंच वाटेना. तिनं लगेच फोन लावला. गोड आवाजवाला म्हणाला, हो हो, तो पर्याय आहे की, पण तो स्लो पडतो म्हणून आम्ही बंद ठेवतो.

"किती स्लो?"

"तीन-चार मिनिटं लागतात मॅडम."

त्यानंतर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. चार मिनिटं वाचावीत म्हणून ज्यांनी चौदा माणसांचं तोंड डायपुढं धरलं, त्यांना दुसरं काय बोलायचं? ओवैसनं उठून काचेचं दार तेवढं लावून घेतलं.

पुढचा आठवडा दोघांनी त्याच कामाला दिला. सर्वांना समजणाऱ्या मांडणीत आधी एक नमुना सेव्ह काढला, तो नव्या सिस्टीमला भरवून पाहिला. पहिल्यांदा तारखा उलट्या आल्या, दुसऱ्यांदा दोन प्रेस गायब झाल्या. तिसऱ्यांदा चौदाच्या चौदा आकडे जसेच्या तसे उतरले. विश्वजीत बघायला आले आणि जाताना अभय सरांना म्हणाले की हे आमच्या टीमनं करून दिलंय असं पुण्याला कळवायला हरकत नाही ना. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. दीपमाला म्हणाली, "कळवा खुशाल. माझे आकडे जागेवर राहिले म्हंजे झालं."

नवमीचा दिवस, बुधवार. बारा वाजता चौदाही प्रेस थांबल्या. बारा वाजून पाच मिनिटांनी जुनी सिस्टीम सावकाशवाल्या पद्धतीनं सेव्ह करून कायमची बंद केली. घड्याळ लावून बघितलं तर साडेतीन मिनिटं लागली. सात नंबरच्या प्रेसचा आकडा सगळ्यांत मोठा होता, एक लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे. ती डाय सगळ्यांत जुनी, तिला म्हातारीच म्हणतात. अजून अकराशे स्ट्रोक झाले की तिला तपासायला उतरवायची होती, म्हणजे शुक्रवारी काम सुरू झाल्यावर दीड-दोन तासांत. दीपमालानं आकडा वहीत लिहिला, ओवैसशी ताळा केला, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या नाकाचा रंग नाकासारखा झाला.

मग पूजा. खंडेनवमीला शेंद्र्यात प्रत्येक शेडमध्ये पूजा होते, पण या कारखान्यातली बघावी. कडूबा मामा, तिथले सगळ्यांत जुने डाय सेटर, म्हणजे डाय चढवणारे-उतरवणारे, नुसत्या प्रेसला हार घालून समाधान मानत नाहीत. ते चौदाही डाय खाली उतरवतात, रॉकेलनं धुतात, तेलाचा हात फिरवतात आणि टूलरूमसमोर सतरंजीवर ओळीनं मांडतात. सगळ्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून येतात. दीपमालानं स्वतःच्या हातानं चौदाही डायना हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. आरती झाली, पेढे वाटले. संध्याकाळी मामांनी चेन ब्लॉकच्या साखळीनं उचलून डाय परत चढवल्या. गुरुवारी दसऱ्याची सुट्टी, शुक्रवारी आठला नवी सिस्टीम.

शुक्रवारी सगळे पडदे उजळले. तेरा प्रेस हिरव्या, सात नंबर पिवळी, म्हणजे मुदत जवळ आलीय. एकही आकडा शून्य नाही. अभय सरांनी पाठ थोपटली, पुण्याहून कौतुकाचा मेल आला. दहा वाजत आले तेव्हा सात नंबरचा आकडा दोन लाखांच्या पार जाऊन प्रेस लाल झाली. दीपमाला म्हातारीला उतरवून घ्यायला खाली गेली.

सात नंबरवर कोरी करकरीत डाय बसलेली होती. गेल्या महिन्यात आलेली, कडा अजून चकचकीत.

वर पडद्यावर लाल आकडा, खाली नवी डाय. मग म्हातारी कुठं आहे? चौदाही प्रेस एकाच मापाच्या, कुठलीही डाय कुठंही बसते. एरवी मामा डाय बदलली की टॅब्लेटवर नोंद करतात आणि आकडा डायच्या मागं मागं जातो. पण बुधवारी दुपारनंतर नोंद घ्यायला सिस्टीमच नव्हती. ती बंद केलेली होती, आणि पूजा त्याच्या नंतर झाली होती.

ती ओळीनं पळत सुटली. आठ, नऊ, दहा. अकरा नंबरच्या प्रेसवर श्रेया होती. मुकुंदवाडीचीच पोरगी, दीपमालाच्या मागच्या गल्लीतली. दीपमालानंच तिला सहा महिन्यांपूर्वी इथं कामाला चिकटवलं होतं. पडदा हिरवा, आकडा चोवीस हजारांच्या आसपास. आणि श्रेयाच्या समोर म्हातारी दणके खात होती.

"हात काढ! श्रेया, मागं हो!" दीपमालानं लाल बटणावर मूठ आपटली. मग मधल्या खांबापाशी जाऊन अख्ख्या लाइनचा खटका पाडला. दणदणाट थांबला आणि शेडमध्ये अशी शांतता झाली की पंखे ऐकू यायला लागले.

अभय सर धावत आले, मागं विश्वजीत. "कुणाला विचारून लाइन बंद केली?"

"कुणालाच नाय. डाय अदलाबदल झाल्यात. आकडे जुन्या जागी हायेत अन् डाय नव्या जागी."

विश्वजीतना काय सुचावं? म्हणाले, "मी तेव्हाच सांगत होतो, शून्यच बरं होतं. निदान चुकीचे आकडे तरी आले नसते."

"शून्य बरं?" दीपमालाचा आवाज छताला लागला. "शून्यावर चौदाच्या चौदा हिरव्या असत्या. म्या खाली आलेच नसते! जुना आकडा सातवर लाल झाला म्हणून तर म्हातारीला शोधाया उतरले. आणलेल्या आकड्यानंच मला इथवर आणलंय. तुमच्या शून्यानं कुणाला कुठं नेलं असतं ते माझ्या बापाला विचारा!"

कडूबा मामा आले तेव्हा त्यांच्या हातात पुसायचं फडकं तसंच होतं. सगळं ऐकून ते खालच्या मानेनं म्हणाले, "टॅब्लेट बंद व्हता, पोरी. डाय चढवायच्या आधी म्या तुला इचारलं व्हतं, नोंद कशी करायची म्हणून. तू पेढं वाटत व्हतीस. तू म्हणलीस, मामा, आज कशाला, म्या सगळं सेव्ह केलंय."

दीपमालाला आठवलं. हातात पेढ्याचा बॉक्स होता, अंगावर हिरवी पैठणी होती, आणि ती खुशीत होती. तिनं हे अगदी असंच म्हटलं होतं.

तिनं वही उचलली. मामांना बरोबर घेऊन एकेका प्रेसपाशी गेली. मामा वाकून डायच्या अंगावर ठोकलेला नंबर बोटानं चाचपून सांगत होते, ती लिहीत होती. चौदांपैकी नऊ डायनी जागा बदलली होती. ओवैसनं आकडे जिचे तिला लावून दिले. म्हातारी खाली उतरवून तिच्यावर तडा शोधायचा लाल रंग फासला, पुसला, वरून पांढरी पावडर मारली. दहा मिनिटांनी पावडरीतून एक लाल रेघ वर आली. करंगळीएवढी लांब, अगदी कडेपर्यंत गेलेली.

मग घटनेचा कागद भरायची वेळ आली. विश्वजीत म्हणाले, कारण या रकान्यात सेटरची चूक लिहा, त्यांनी नोंद केली नाही हे खरंच आहे. अभय सरांनी पेन उघडलं. आता मात्र दीपमालाचं नाक पुन्हा लाल झालं.

"वा रे वा! तवा पाटीची चूक व्हती, आता म्हाताऱ्या माणसाची का? ज्यानं इचारलं त्यालाच धरायचं?" तिनं पेन हातातून काढून घेतलं आणि रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं, आकडा नेला, पण तो कुठल्या डायचा ते सोबत नेलं नाही. सही केली. "पुण्याला हे बी कळवा. ह्यात कुणाच्या टीमचं नाव घालायचं नाय."

श्रेया इतका वेळ पाण्याच्या टाकीपाशी बसून होती. कुणीतरी तिला चहा दिला होता, तो तसाच गार झाला होता. दीपमाला तिच्या शेजारी जाऊन बसली.

"ताई, तिच्यावर मी किती मारले आज?"

दीपमालाला आकडा पाठ होता. खोटं सांगता आलं असतं, पण आकड्यांत खोटं बोलायची तिला सवय नाही. "चौदाशे तीस. त्यातले तीनशे तीस दोन लाखांच्या वरचे."

श्रेयानं उजव्या हाताचा मोजा काढला, मग डाव्या हाताचा. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती त्यांच्याकडं बघत राहिली.

"पण ताई, स्क्रीन तर हिरवी होती ना? मी सकाळी दोनदा बघितलं. तुम्हीच सांगितलं होतं, हिरवी असली की बिनघोर काम कर."

"व्हती," दीपमाला म्हणाली. "म्याच केलती ती हिरवी."